‘हळूहळू सुरू करा’ म्हणजे नेमकं कधी? जखमी बास्केटबॉल खेळाडूला पुन्हा कोर्टवर उतरवण्याआधी

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं वेळापत्रक लागलं की कॉलेजच्या क्रीडा विभागात एक तरी खेळाडू लंगडत येतो आणि विचारतो, “सर, शनिवारपर्यंत होईल ना?” त्याच्या डोक्यात शनिवार आधी असतो, पाय नंतर. आपणही नकळत तसाच विचार करायला लागतो. सामन्याची तारीख हलत नाही, मग पायालाच त्या तारखेत बसवायचा प्रयत्न सुरू होतो.

डॉक्टरांकडे गेलं तर गर्दीच्या ओपीडीत एक्स-रे पाहून ते सांगतात, “फ्रॅक्चर नाही. दोन आठवडे आराम, मग हळूहळू सुरू करा.” सल्ला बरोबरच आहे. पण ‘हळूहळू’ म्हणजे काय ते कुणी सांगत नाही, आणि पंधराव्या दिवशी मुलगा थेट पूर्ण सामना खेळतो. हा लेख त्या मधल्या जागेबद्दल आहे. सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या कॉलेजांचे क्रीडा संचालक, प्रशिक्षक, कर्णधार आणि पालक यांना मोजपट्टी, खडू आणि स्टॉपवॉच एवढ्या सामानात करता येईल असंच यात सांगितलं आहे. डॉक्टरांच्या तपासणीला हा पर्याय नाही, त्यांच्या परवानगीनंतरचं हे काम आहे.

आधी ठरवा, निर्णय कुणाचा

या निर्णयात तीन प्रश्न गुंतलेले असतात. दुखावलेला भाग किती भरून आला, हे डॉक्टर आणि फिजिओ सांगतील. खेळात त्या भागावर किती ताण येणार, हे प्रशिक्षकाला ठाऊक असतं. उरलेला धोका पत्करायचा की नाही, हे खेळाडूने आणि घरच्यांनी ठरवायचं. क्रम हाच ठेवायचा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचे दोन प्रश्न विचारायचेच नाहीत.

आमच्याकडे गोंधळ होतो तो इथेच. ‘त्याला खेळायचंय ना, मग खेळू द्या’ असं म्हणून तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पहिला प्रश्न निकालात काढला जातो. मोसम सुरू होण्याआधीच संघाला सांगून ठेवा की डॉक्टर किंवा फिजिओ नको म्हणाले तर प्रशिक्षक, प्राचार्य किंवा स्वतः खेळाडू, कुणीही तो निर्णय फिरवणार नाही. प्रशिक्षक एखाद्याला थांबवू शकतो, पण डॉक्टरांनी थांबवलेल्याला उतरवू शकत नाही. कर्णधार आणि बाकीच्या खेळाडूंना यात मत नाही. संघाच्या डोळ्यांदेखत ‘दुखतंय’ म्हणायला विसाव्या वर्षी फार धैर्य लागतं, म्हणून खेळाडूशी बोलायचं ते एकट्याशीच.

बर्नला झालेल्या क्रीडा-फिजिओथेरपीच्या जागतिक परिषदेतून २०१६ साली एक एकमताचं निवेदन प्रसिद्ध झालं. त्यात परतण्याचे तीन टप्पे वेगळे केले आहेत: सरावात परतणं, सामन्यात परतणं आणि पूर्वीच्या दर्जाने खेळणं. सरावाला आला म्हणजे सामन्याला तयार झाला, असं नाही. एवढं संघातल्या प्रत्येकाला पटलं तरी निम्मी ओढाताण संपते.

पहिल्या दोन दिवसांत काय बिघडतं

घोटा मुरगळला की घरात पहिली हाक मालिशवाल्याला किंवा हाडवैद्याला जाते. आंबेहळदीच्या लेपाने कुणाचं नुकसान होत नाही. पण पहिल्या दोन दिवसांत जोर लावून चोळणं, झटका देऊन ‘बसवणं’ आणि गरम शेक देणं टाळायलाच हवं. आत लिगामेंटचे, म्हणजे हाडांना हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांचे, तंतू तुटलेले असतात, रक्त साचत असतं. चोळल्याने आणि शेकल्याने ते वाढतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, आणि झोपताना पाय उशीवर, एवढं पुरे. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडून येऊन-जाऊन करणाऱ्यांनी ते दोन दिवस एसटीत उभ्याने प्रवास करू नये. पाय लोंबता राहिला की संध्याकाळी घोटा दुप्पट सुजतो.

एक्स-रे हवा की नको, यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले नियम जगभर वापरले जातात. मार लागल्या लागल्या आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचा. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकाशी, अथवा त्या हाडाच्या मागच्या कडेने वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबल्यावर हाडच दुखत असेल तरीही काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध हाडाचा एक उंचवटा लागतो. करंगळीच्या मागच्या लांब हाडाचं ते बूड. तिथे दुखत असेल तर एक्स-रेशिवाय पुढे जाऊच नका. पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल तरी तेच. करंगळीच्या त्या हाडाचं बुडाच्या जरा पुढचं फ्रॅक्चर बास्केटबॉलमध्ये नेहमी दिसतं. तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने ते भरायला फार वेळ घेतं, आणि ‘पाय मुरगळलाय’ म्हणून चालत राहिलं तर आणखी चिघळतं. खाजगीत खर्च परवडत नसेल तर सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, एक्स-रे होतो. पैशांपायी हे टाळू नका.

घोटा: पाच मोजमापं

कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळा जातो तो घोटा, आणि तो सगळ्यात कमी गांभीर्याने घेतला जातो. म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

मोजमापाआधी एक निरीक्षण करा. खेळाडूला गॅलरीच्या पायऱ्या चढायला आणि उतरायला सांगा आणि तुम्ही खाली उभे राहा. चढताना बहुतेक जण छान चढतात. उतरताना मात्र दुखरा पाय वरच्या पायरीवर असला की टाच लवकर उचलली जाते, कंबर थोडी वळते, हात कठड्याकडे जातो. तोंडाने कितीही ‘काही नाही सर’ म्हटलं तरी पायऱ्या उतरताना लपवता येत नाही. हे दिसलं तर आजच्यापुरती चाचणी संपली.

पायऱ्या नीट उतरला तर अनवाणी भिंतीसमोर उभं करा. टाच जमिनीवर टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा, आणि जमेल तितकं पाऊल मागे नेत जायचं. टाच उचलली न जाता गुडघा भिंतीला लागतो ते शेवटचं अंतर, अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत, सेंटिमीटरमध्ये लिहा. दोन्ही पायांचं. फरक दोन सेंटिमीटरहून जास्त असेल तर सांधा अजून आखडलेला आहे. असा घोटा उडीवरून खाली येताना पुरेसा वाकत नाही, आणि तो धक्का गुडघ्याला सोसावा लागतो.

दुसरं, एका पायावर टाच उचलणं. बोटांची टोकं फक्त तोलासाठी भिंतीला, गुडघा सरळ, दोन सेकंदांना एक वर-खाली अशी लय. धडधाकट तरुण खेळाडूने पंचविसेक वेळा सहज करावं. दुखऱ्या पायाने निरोगी पायाच्या निदान नव्वद टक्के तरी व्हायला हवेत. मोजणारा माणूस दुसरा असू द्या, कारण शेवटच्या पाच-सहा वेळा खेळाडू टाच अर्धवटच उचलतो आणि मोजतो मात्र पूर्ण.

तिसरं, तोल. कोर्टवर खडूने मोठा इंग्रजी वाय काढा: एक रेघ पुढे, दोन तिरक्या मागे. एका पायावर मधोमध उभं राहून दुसऱ्या पायाने प्रत्येक रेघेवर जमेल तितकं लांब टोक गाठायचं आणि न पडता परत यायचं. पुढच्या रेघेवर दोन पायांत चार सेंटिमीटर किंवा जास्त फरक दिसला तर अजून थांबा. घोटा मुरगळल्यावर लिगामेंटसोबत सांध्याची जाणीवही बिघडते. पाय वाकडा पडतोय हे मेंदूला उशिरा कळतं. सूज उतरली, दुखणं गेलं तरी हे आपोआप सुधारत नाही. तोच घोटा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जातो त्याचं एक मोठं कारण हेच.

चौथं, एका पायावर लांब उडी. त्याच पायावर उतरून दोन सेकंद स्थिर राहायचं, तीन प्रयत्नांतला सगळ्यात चांगला धरायचा. चांगल्या पायाने १६० सेंटिमीटर आणि दुखऱ्याने १३८ आले तर ते ८६ टक्के होतात. १४४ आले की नव्वद. पाचवं, तीस सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा आखून त्यांच्या बाहेर एका पायावर आडव्या उड्या, दहा वेळा जाऊन-येऊन, घड्याळ लावून. बाहेरच्या बाजूला तोल जाण्याची भीती असलेला खेळाडू इथे सापडतोच.

यात एक गफलत होते. तीन-चार आठवडे घरी बसल्यावर चांगला पायही कमकुवत होतो. त्याच्याशी तुलना करून नव्वद टक्के आले म्हणजे पूर्वीइतकं बळ आलं, असं नव्हे. यावर उपाय सोपा आहे. जुलैमध्ये नवा संघ जमला की सगळ्यांची ही पाच मोजमापं एका रजिस्टरात लिहून ठेवायची. एक सकाळ जाते. पुढे कुणीही जखमी झालं की तुलना त्या आकड्यांशी.

चाचणी घ्यायची ती सामना जसल्या कोर्टवर होणार तसल्याच कोर्टवर. आपल्याकडची बरीच कोर्टं उघड्यावरची, सिमेंटची. वरची बारीक माती बुटाखाली सरकते. आधी झाडून घ्या, आणि ऊन चढायच्या आत उरका. सगळं नीट पार झालं तर तीच उडीची चाचणी एकदा सरावाच्या शेवटी, दमल्यावर घ्या. ताज्या पायांचे आकडे शेवटच्या पाच मिनिटांत उपयोगी पडत नाहीत.

कोर्टवर परतण्याच्या पायऱ्या

पहिल्या दिवशी चेंडू हातात द्या, पण उडी नाही. फ्री थ्रो, जागेवरचं शूटिंग, ड्रिबलिंग आणि अठ्ठावीस मीटरच्या कोर्टवर बेसलाइन ते बेसलाइन सावकाश धावणं. खेळाडू संघासोबत दिसतो, त्याचा जीव रमतो. ते मला मोजमापांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मग सरळ वेगात धावणं आणि दोन्ही बाजूंनी लेअप (धावत रिंगजवळ जाऊन उडी मारत चेंडू टाकणं), उतरताना मात्र दोन्ही पायांवर. त्यानंतर दिशा बदलणं: कट (धावताना झटकन वळणं), डिफेन्स स्लाइड (बचावात बाजूला सरकणं), शूटरवर धावून जाऊन अचानक थांबणं. आधी सत्तर टक्के वेगाने, मग पूर्ण. ही पायरी घाईत ओलांडू नका. सरळ धावता येणं आणि बाजूला मोडता येणं यात बरंच अंतर आहे, आणि बास्केटबॉलचा जीव बाजूला मोडण्यात आहे.

त्यानंतर रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू उडी मारून पकडणं. घोटा सगळ्यात जास्त मुरगळतो तो रिंगखाली, दुसऱ्याच्या पावलावर उतरल्याने. म्हणून उडीच्या वेळी सोबत्याला खांद्याने हलका धक्का द्यायला सांगा आणि खेळाडू कसा उतरतो ते पाहा. हे जमलं की एकास एक, मग अर्ध्या कोर्टवर तीनास तीन, मग पूर्ण सराव. पूर्ण सराव निदान दोन-तीन व्हायला हवेत, कोणतीही सूट न देता. त्यानंतर सामना.

दोन पायऱ्यांमध्ये किमान एक रात्र जाऊ द्या. सरावात दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं आणि सकाळपर्यंत निवलं तर चालेल. सकाळी सूज असेल किंवा पहिली पावलं लंगडत पडत असतील तर एक दिवस विश्रांती आणि एक पायरी खाली. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो, म्हणून खेळाडूने सकाळी सातच्या आत फोन करून सांगायचं, अशी सवयच लावा.

जागेप्रमाणे भर बदला. गार्डची, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणाऱ्याची, परीक्षा वेग आणि वळण यात आहे, पोस्टवरच्या, म्हणजे रिंगजवळच्या, खेळाडूची धक्का खाऊन उडी मारण्यात.

गुडघा: इथे आठवडे नाहीत, महिने

कुणाचाही स्पर्श नसताना, उतरताना किंवा वळताना ‘कट्’ आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा फुगला तर गुडघ्याच्या आतलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटल्याचा संशय घ्यायचा आणि हाडांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. उतरताना त्यांचे गुडघे आत वळतात का, याकडे आधीपासून लक्ष द्या.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांत मुलं विचारायला लागतात. ऑस्लो आणि डेलावेअर इथल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांना सांगा. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्के पुन्हा जखमी झाले. पार करून परतलेल्यांपैकी सहा टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे सप्टेंबरात ऑपरेशन झालं तर जूनआधी सामना नाही, आणि जूनमध्येही मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद नव्वद टक्के भरली तरच. एक वर्ष जातं, हे खरं आहे. पण तिशीत त्याच गुडघ्याने जिने चढायचे असतात.

डोक्याला मार

इथे घासाघीस नाही. बेशुद्ध पडला नसला तरी डोकं दुखणं, गरगरणं, गोंधळल्यासारखं वागणं, स्कोअर किंवा प्रतिस्पर्धी संघ न आठवणं यातलं काहीही दिसलं तर लगेच बाहेर काढा. त्या दिवशी पुन्हा आत नाही, अंतिम सामना असला तरी. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, गुंगी, हातापायात कमजोरी असेल तर थेट रुग्णालय गाठा.

खेळात डोक्याला बसणाऱ्या माराबद्दल २०२२ साली ॲम्स्टरडॅमला झालेल्या परिषदेनंतरची पद्धत अशी: पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली हलकी हालचाल चालेल, मोबाइल कमीत कमी. मग हलका व्यायाम, मध्यम व्यायाम, एकट्याचा सराव, धक्क्याविना संघाचा सराव, पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. संघासोबतचा सराव सुरू होण्याआधी सगळी लक्षणं गेलेली हवीत, आणि धक्का लागण्याची शक्यता असलेल्या सरावाआधी डॉक्टरांची लेखी परवानगी. वर्गात बसून पूर्ववत अभ्यास जमत नसेल तर मैदान दूरच.

बोटाचं थोडक्यात. चेंडू बोटाच्या टोकावर आदळून शेवटचं पेर खाली लोंबलं आणि स्वतःहून सरळ होत नसेल तर ओढू नका. साधारण सहा ते आठ आठवडे बोट अखंड सरळ ठेवणारी पट्टी लागते. मध्ये एकदा वाकलं तर मोजणी पहिल्यापासून.

गोळी, इंजेक्शन, टेप

सामन्याआधी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन खेळवण्याची पद्धत बंद व्हायला हवी, असं मी ठामपणे म्हणतो. इंजेक्शनने सूज आणि फाटलेले तंतू तिथेच राहतात, फक्त शरीराचा इशारा बंद होतो. त्यात सोलापूरचं ऊन. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅकसारख्या औषधांचा मूत्रपिंडांवर भार पडतो. चाचणीच्या आधीच्या चोवीस तासांत कोणतीही वेदनाशामक गोळी नको, नाहीतर आकडे गोळीचे येतात.

टेप आणि अँकल ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) यांचा मात्र खरा उपयोग आहे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण त्यांनी कमी होतं. पण ब्रेस लावून चाचणी पार झाली आणि ब्रेसशिवाय नाही, तर पाय अजून तयार नाही.

दबाव कुठून येतो ते ओळखा

शेवटचं वर्ष, विद्यापीठ संघाची निवड चाचणी, प्रमाणपत्र. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि बीडी किंवा यंत्रमागाच्या कमाईवर चालणाऱ्या घरात त्या कागदाचं वजन काय असतं ते आपण जाणतो. ही इच्छा चुकीची नाही. म्हणून हिशोब त्या इच्छेसमोर नीट मांडायचा: हा सामना सोडला तर काय जाईल, आणि खेळून पाय पुन्हा गेला तर निवड चाचणीचं काय होईल?

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या केविन ड्युरँटचं २०१९ चं उदाहरण मी खेळाडूंना सांगतो. पोटरीच्या दुखापतीने महिनाभर बाहेर राहून तो एनबीए अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात उतरला, बारा मिनिटं खेळला, अकरा गुण केले आणि त्याच पायाची टाचेमागची अकिलीस शीर तुटली. पुढचा अख्खा मोसम गेला. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असतानाही हे घडतं, तर आपण किती सावध राहायला हवं!

मनाचीही चाचणी घ्या. “बाळा, या पायावर तुझा भरवसा दहापैकी किती?” असं एकट्यात विचारा. सगळे आकडे नव्वदच्या वर आणि भरवसा पाच असेल तर थांबा. घाबरलेला खेळाडू अर्धी उडी मारतो, आणि अर्ध्या उडीतच तोल जातो.

सामन्याच्या आदल्या दिवशी, आणि नंतर

निर्णय आदल्या संध्याकाळपर्यंत घ्या आणि एका कागदावर लिहा: मोजमापं, डॉक्टरांचं मत, खेळाडूची, पालकांची आणि प्रशिक्षकाची सही. सकाळी वॉर्म-अपमध्ये दुखलं तर होकाराचा नकार होऊ शकतो. नकाराचा होकार मात्र होणार नाही.

बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडू कितीही वेळा उतरवता येतो, याचा फायदा घ्या. पहिल्या सामन्यात चाळीसपैकी बारा ते पंधरा मिनिटं, तीही चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत. ही मिनिटं मोजायला स्कोअरच्या टेबलाजवळ राखीव खेळाडू बसवा. सामना रंगला की प्रशिक्षकाला घड्याळ दिसत नाही. एका दिवसात दोन सामने असतील तर त्याला एकच.

त्या रात्री घोट्याचा घेर फितीने मोजा, सकाळी भिंतीची चाचणी पुन्हा घ्या. अंतर दोन सेंटिमीटरने घटलं असेल तर पुढचा सामना नाही. तोलाचे व्यायाम आणि ब्रेस मोसमभर चालू ठेवायचे, पाय अगदी ठणठणीत वाटत असला तरी, आणि नवे आकडे रजिस्टरात जुलैच्या आकड्यांशेजारी लिहायचे.